ओढ्याच्या वस्तीवरील विहिरीत मेंढी टाकल्याबाबत

सोलापूर, तारीख १४ मार्च सन १९३४.

मी बिरदेव बिन आण्णा सरगर, वय अंदाजे तीस वर्षे, जात धनगर, धंदा रंगखान्यात मजुरी, पूर्वी मेंढरे राखणे, राहणार भवानी पेठेबाहेर ओढ्याची वस्ती, सोलापूर, मूळ राहणार तालुका सांगोले. चौकीत हजर होऊन, विचारल्यावरून खरे सांगतो ते असे की,

सदर वस्तीवर मी, माझी आई केराबाई व बायको गोजाबाई असे तिघे राहतो. मुलगी मायाक्का होती, ती गेल्या पौषात वारली. तिच्याविषयी पुढे येईल. गोजाबाई काल दुपारपासून याच चौकीच्या कोठडीत आहे. तिने वस्तीच्या विहिरीत मेलेली मेंढी टाकून पाणी खराब केले, अशी फिर्याद रंगखान्याचा मुकादम सिद्धाप्पा याने दिली आहे. ती मला वाचून दाखविली. मेंढी टाकली हे खरे आहे. मेंढी माझीच होती. पाणी खराब केले असे जे लिहिले आहे त्याविषयी मला सांगावयाचे आहे. हवालदार साहेब म्हणाले, पहिल्यापासून सांग, म्हणून पहिल्यापासून सांगतो.

आमच्या गावाकडे लागोपाठ काही वर्षे पाऊस पडला नाही. कळप चाऱ्यावाचून गेला. उरलीसुरली मेंढरे, आई व बायको घेऊन मी सोलापुरास आलो. त्याच साली ओढ्याच्या वरच्या अंगाला सूत रंगविण्याचा कारखाना नवा निघाला होता, त्यास आम्ही रंगखाना म्हणतो. सिद्धाप्पा फाटकात उभा राहून माणसे घेत होता. त्याने माझे दंड चाचपले व म्हणाला, "मेंढरं खांद्यावर घेतोस न्हवं? मग वल्या सुताच्या लड्या बी उचलशील. ये तम्मा, आत ये." तो अक्कलकोटाकडचा आहे, धाकट्या माणसास तम्मा म्हणतो. त्याने गाव विचारले नाही, जामीन विचारला नाही. त्या दिवशी आम्ही उपाशी होतो. हे त्याचे उपकार आहेत, ते मी आजही नाकारीत नाही.

तेव्हा तेथे वस्ती नव्हती, बाभळी होत्या. रंगखान्यामागे वस्ती झाली. हातमाग बंद पडल्यामुळे आलेली पद्मशाली घरे आहेत, आमच्यासारखी रान सोडून आलेली आहेत. रंगखान्याच्या पगाराशिवाय पेटणारी चूल वस्तीत नाही. पहिल्या दिवाळीस मी गोजाबाईला नवे लुगडे घेतले. आईचे डोळे दवाखान्यात दाखविले. मायाक्का तेथेच जन्मली. आमच्या घरातली माणसे आजवर रानात, वाटेवर, मेंढरांच्या वाड्याशेजारी जन्मली, मीसुद्धा. भिंतीच्या आत जन्मलेली ती पहिली.

माझे काम धुण्याच्या हौदावर. रंगविलेल्या लड्या हौदात खळबळून काढावयाच्या. बूच काढले की हौदाचे पाणी मोरीतून ओढ्यात जाते. ओढा वस्तीच्या अंगावरून वाहतो व विहीर ओढ्यापासून हाकेच्या आत आहे. ज्या दिवशी जो रंग चालेल त्या दिवशी ओढा त्या रंगाचा. पहिली काही वर्षे वस्तीतली पोरे काठावर जाऊन आज तांबडा, आज हिरवा असे ओरडत येत. आम्ही हसत होतो. बूच काढणारा मी असल्याने मायाक्का इतर पोरांना सांगे की, ओढा माझा आबा रंगवितो.

गेल्या उन्हाळ्यात विहिरीच्या पाण्याला तुरट चव आली. घागरीत ठेवले की वर तवंग धरू लागला. पोरांच्या अंगावर खरूज उठली, तोंडे आली, जुलाब लागले. ओढ्याकडे चरावयास जाणारी मेंढरे एकामागून एक मेली, एक मेंढी तेवढी राहिली. आमची शेजारीण गौरम्मा, पद्मशाली, रंगखान्यात लड्या वाळत घालते, तिचा मधला मुलगा श्रावणात वारला. कोणी देवीचे नाव घेतले, कोणी उन्हाचे घेतले. पाण्याचे नाव कोणी घेतले नाही. नाव घेतले नाही म्हणजे कळले नव्हते असे नाही.

मायाक्काला दसऱ्यापासून जुलाब होते. मध्येच बरे वाटे, ती खेळावयास जाई, पुन्हा पडे. आईने अंगारा लावला. वैद्याची पुडी आणली. पुडी पाण्यातून द्यावयाची होती, ती आम्ही विहिरीच्या पाण्यातून दिली. पौषात ती वारली. त्या दिवशी मी कामावर होतो. निरोप आला तेव्हा हौदात माल होता, माल तसा सोडता येत नाही. भोंगा झाल्यावर घरी गेलो.

तिचे दिवस झाल्यावर गोजाबाई कोणास न सांगता नगरपालिकेच्या डॉक्टर साहेबांकडे गेली. ती शहरात एकटी कधी फिरलेली नव्हती. तिने मला नंतर सांगितले ते असे. ती डॉक्टरांस म्हणाली, "माझ्या लेकीला काय झालतं?" डॉक्टर म्हणाले, "बाई, मी तिला पाहिलीच नाही, कसं सांगू? पाणी कुठलं पिता?" ती म्हणाली, "सांगू कशाला? चला, दावते." डॉक्टर भले मनुष्य आहेत, ते तिच्याबरोबर आले. विहिरीचे पाणी बाटल्यांत भरून नेले. पुढे पुन्हा आले ते सुतार व लोहार घेऊन आले. विहिरीच्या तोंडावर फळ्या ठोकल्या, साखळी घालून कुलूप लावले व सर्वांस सांगितले की, हे पाणी माणसाने पिऊ नये, मोरीचे पाणी झिरपून विहिरीत येते, पेठेतल्या नळावरून पाणी आणा. रंगखान्याच्या मालकांसही त्यांनी सांगितले की, मोरी वस्तीपासून दूर न्यावी.

नळ लांब आहे व तेथे गर्दी असते. बायका कुरकुरत होत्या, पण पाणी आणीत होत्या. त्या काही दिवसांत पोरांचे जुलाब कमी झाले. हे मी पाहिले आहे. वस्तीत कोणास विचारले तर सांगेल की नाही हे मला सांगता येत नाही.

नंतर मालकांनी आम्हा सर्वांस अंगणात बोलाविले. ते रागावले नाहीत. ते म्हणाले, "मी कुणाचं वाईट केलेलं नाही. ओसाड जागेत चुली पेटवल्या. आता तुमच्या विहिरीला कुलूप म्हणजे माझ्या कारखान्याच्या नावाला काळिमा. मोरी लांब न्यायची तर दुसऱ्यांच्या जमिनीतून खोदावं लागेल, ती माणसं कोर्टात जातील. त्यापेक्षा निजामाच्या हद्दीत बिऱ्हाड हलवीन. तिथं मला माणसं मिळतील." एवढे बोलून ते गाडीत बसून गेले. दुसऱ्या दिवशी भोंगा झाला नाही.

भोंगा बंद झाला की वस्तीत काय होते हे बाहेरच्या माणसास कळणार नाही. पहिल्यांदा पुरुष घरी बसतात. मग ते घरी बसत नाहीत. दुकानदार उधारीचे नाव काढू देत नाही. मी गिरणीच्या फाटकावर, स्टेशनावर, बाजारात हमालीस जाऊन पाहिले. जेथे गेलो तेथे आमच्याच वस्तीची माणसे आधी उभी होती.

वस्तीची बैठक विहिरीजवळच झाली. सिद्धाप्पा आला होता. तो म्हणाला, "तम्मा, कुलूप इहिरीला न्हाय, तुमच्या चुलीला लागलंय की. मालक वाईट न्हाईत. वस्तीनं म्हनावं, पानी चांगलं हाय, आमी पितोय. झालं." गोजाबाई बायकांत बसली होती ती उठली व म्हणाली, "पानी चांगलं हाय आसं कोन म्हनंल? गौरम्मा, तू म्हनशील?"

गौरम्मा तिची मैत्रीण आहे. मायाक्का वारली तेव्हा घरात येऊन बसली ती गौरम्माच. ती म्हणाली, "अक्का, एक गेला माझा. दोन हायत. त्यांना खायाला काय घालू सांग. तुज्या नळाचं पानी ताटात वाढू?"

 गोजाबाई खाली बसली. मी तिच्याकडे पाहिले नाही.

कुलूप तोडण्याचे ठरले. पहार माझ्या हातात दिली, कारण ज्याची बायको डॉक्टरांस घेऊन आली त्यानेच तोडावे असे सर्वांचे मत पडले. कुलूप मी तोडले. याविषयी आजपर्यंत कोणी फिर्याद दिली नाही, म्हणून कोणी विचारलेही नाही. मी आपणहून सांगतो, ते लिहून घ्यावे.

दुसऱ्या दिवशी सिद्धाप्पाने डॉक्टर साहेबांस निरोप पाठवून आणविले. सर्व वस्ती जमली होती. पोहऱ्याने पाणी काढले व एकेकजण पुढे होऊन डॉक्टरांसमोर प्याला. गौरम्मा प्याली. माझी आई प्याली, तिला तांब्या नीट दिसत नाही, तो मी तिच्या हातात दिला. मी प्यालो. सिद्धाप्पा तेथे उभा होता, तो वस्तीत राहत नसल्याने त्याचा नंबर आला नाही. डॉक्टर सर्व पाहत होते. शेवटी ते म्हणाले, "एका तांब्यानं कुणी मरत नसतं. म्हणून तर तुम्हाला ते पिता येतंय."

सिद्धाप्पा म्हणाला, "साहेब, आता बगितलंत न्हवं? वस्तीची साक्ष झाली."

तेव्हा गोजाबाई, जी प्याली नव्हती, ती मागून मोठ्याने म्हणाली, "माझ्या लेकीनं बी हेच पानी पिलंय. तिची साक्ष घ्या."

डॉक्टरांनी टोपी काढली व पुन्हा घातली. ते म्हणाले, "बाई, विहीर बंद करणं माझ्या हातात होतं. कारखाना माझ्या हातात नाही. आणि आता विहीरही तुमच्या माणसांनी माझ्या हातात ठेवली नाही." ते गेले. नवीन कुलूप आले नाही. त्यानंतरच्या सकाळी भोंगा झाला.

त्या दिवशी आमच्या घरात बोलाचाली झाली. गोजाबाईच्या डाव्या दंडावर वळ आहे तो त्या दिवसाचा आहे. तो पोलिसांनी मारल्याचा नाही. याबाबत अधिक काही सांगावयाचे नाही.

त्यापुढे वस्तीत तिच्याशी बोलणे बंद झाले. ती नळावरून पाणी आणी व आम्हास तेच देई. मी रंगखान्यात मात्र हौदावरचे पाणी पीत असे, कारण नळाच्या पाण्याचा तांब्या घेऊन गेलो असतो तर सर्वांनी पाहिले असते. काही दिवस गौरम्मा तिच्या मागोमाग नळावर जाई, बरोबर जात नसे. मग गौरम्माच्या नवऱ्याने तिला अडविले. आता तिची धाकटी मुलगी अंथरुणावर आहे. गोजाबाईने त्यांच्या दारात नळाच्या पाण्याची कळशी ठेवली, ती गौरम्माच्या नवऱ्याने लवंडून दिली. मी दारात उभा होतो. तो मला म्हणाला, "तुजी बायको आमच्या प्वाटावर उठलीया." मी कळशी उचलून घरात आणली. रंगखान्यात तो व मी एकाच हौदावर आहोत.

काल सकाळी राहिलेली मेंढी ओढ्याकाठी मेलेली सापडली. मी कामावर निघालो होतो. गोजाबाई तिच्यापाशी बसली होती. मी म्हणालो, "लांब नेऊन टाक." ती म्हणाली, "टाकते." यापेक्षा जास्त आमचे बोलणे झाले नाही. तिच्या मनात काय आहे हे मी ओळखले नाही. ओळखले असते तर काय केले असते हे मला सांगता येत नाही.

पुढचे मी पाहिलेले नाही, बायकांनी व आईने सांगितले ते सांगतो. उन्हे चढल्यावर विहिरीवर बायकांची गर्दी होती. गोजाबाई मेंढी खांद्यावर घेऊन आली. आम्ही मेंढरू खांद्यावर घेतो तसे, पुढचे पाय एका हातात, मागचे दुसऱ्या हातात. ती म्हणाली, "सरा बायांनो." बायका सरल्या, त्यांना वाटले ती पलीकडे रानात चालली आहे. तिने काठावर पाय दिला व मेंढी विहिरीत सोडली. बायका ओरडल्या. कोणी तिचे केस धरले. ती म्हणाली, "मारा. पर आता तरी कोन पिनार न्हाय." ती पळाली नाही. काठावर बसून राहिली. तिला धरून ठेवावे लागले असे फिर्यादीत लिहिले आहे ते खरे नाही.

मला हौदावरून बोलावून आणले. मी आलो तेव्हा पोलीस आलेले होते. ओढा इतकी वर्षे रंगून वाहतो, तेव्हा पोलीस कधी आले नव्हते, असे माझ्या आईने मोठ्याने म्हटले. तिला वयामुळे कोठे काय बोलावे समजत नाही, तिच्यावर राग धरू नये.

मेंढी काढण्यास कोणी उतरेना. मेलेले मेंढरू धनगरानेच काढावे असे सिद्धाप्पा म्हणाला. मला दोर बांधून खाली सोडले. मी मेंढीला दोर लावला व ती वर गेली. नंतर दोर पुन्हा खाली येईपर्यंत मी पाण्यात उभा होतो. विहिरीत मी यापूर्वी कधी उतरलो नव्हतो. पाण्याच्या वर हातभर उंचीपर्यंत दगडांवर रंगाचा थर बसला आहे. बोटाने खरवडला तर निघतो. खाली निळा, वर तांबडा, पुन्हा निळा. ओढ्याकडच्या बाजूने दगडांच्या सांध्यातून पाणी झिरपत होते, ते काल हिरवे होते. काल रंगखान्यात हिरवा रंग चालू होता. सकाळी हौदाचे बूच मी काढले होते.

हवालदार साहेबांनी विचारले की, याचा या कामाशी काय संबंध. मी सांगितले की, पंचनाम्यात विहिरीचा काठ लिहिला आहे, मेंढी लिहिली आहे, तर विहीर आतूनही लिहावी. हिरवे पाणी मेंढीचे नसते.

काल संध्याकाळी वस्तीतील सर्व बायका पेठेतल्या नळावर गेल्या. गौरम्मा सर्वांत पुढे होती. पोरे गेली तेव्हा जे पाणी सुटले नाही, ते मेंढरू पडल्याने सुटले. मालकांनी सांगितले आहे की, विहीर आपल्या माणसांकडून उपसून देऊ, ब्राह्मण बोलावून शुद्ध करून देऊ, मग वस्तीने पूर्वीप्रमाणे पाणी भरावे. मोरीविषयी ते काही बोलले नाहीत. वस्तीतही त्यांस कोणी विचारले नाही.

रात्र होण्याआधी सिद्धाप्पा माझ्या घरी आला. त्याने केळी आणली होती. तो माझ्या आईच्या पाया पडला, तो माणूस म्हणून वाईट नाही. त्याने सांगितले ते असे. "तम्मा, हे बग. पोरगी गेल्यापासनं तुज्या बायकोचं डोस्कं फिरलंय. सगळ्यांनी बगितलंय. जबाबात तसं सांग. मालक फिर्याद मागं घेत्यात, माझ्यासमोर बोललेत. ती घरी येईल. तुजं काम तसंच ऱ्हाईल, उलट हौदावरनं काडून वाळवणीवर घेतो, तितं पाण्यात हात न्हाईत. न्हाय म्हनलास तर ती तुरुंगात, तू घरात. मग म्हातारीला काय घालशील?"

मी विचारले, "आन् मोरी?"

तो म्हणाला, "मोरीचं तुला काय पडलंय? आपली मानसं बग."

तो गेल्यावर आई म्हणाली, "बिरदेवा, म्हन की येडी. येडी तर येडी. चुलीम्होरं तरी बसंल."

मला ते बरोबर वाटले. आज सकाळी मी चौकीत आलो तो तसे सांगण्यासाठीच आलो होतो. हवालदार साहेबांच्या परवानगीने जबाबाआधी गोजाबाईस भाकरी दिली. तिने भाकरी बाजूला ठेवली व पाणी मागितले. चौकीतल्या माठातले पाणी नळाचे आहे. ते ती पुष्कळ प्याली. मग मी तिला सिद्धाप्पाचे बोलणे सांगितले व म्हणालो, "एवढं एक बोलू दे मला. घरी येशील."

ती म्हणाली, "आवं, मला येडी म्हनला की पानी चांगलं ठरलं. मग मायाक्का कशानं गेली? सांगा की. कशानं गेली?"

मी भाकरी तिच्यापुढे सरकविली.

ती म्हणाली, "गौरम्माची पोरगी निजून हाय. उद्या इहीर शुद्ध करत्याल, पुन्यांदा पाजत्याल. कोन म्हनाया लागलं तर म्हनत्याल, ते तर त्या येडीचं बोलनं. मला तुरुंगात जाऊ द्या. पर शानी म्हून जाऊ द्या."

मी म्हणालो, "काम जाईल."

ती म्हणाली, "जाईल की."

मी म्हणालो, "आईचं काय करू?" त्यावर ती रडली. काल विहिरीवर बायकांनी मारले तेव्हा ती रडली नव्हती, असे मला सांगण्यात आले आहे. ती म्हणाली, "मला काय ठावं न्हाय. मला कशाचंच काय ठावं न्हाय. पानी वाईट हाय, एवढं ठावं हाय." मग हवालदार साहेबांनी मला बाहेर बोलाविले व जबाब सुरू झाला.

सबब सांगतो की, माझी बायको गोजाबाई शुद्धीवर आहे. काल मेंढी टाकली तेव्हा शुद्धीवर होती व मुलगी वारल्यापासून आजपर्यंत सर्व काळ शुद्धीवर होती. ती स्वयंपाक करते, माणसे ओळखते, लांबून पाणी आणते. विहिरीचे पाणी खराब आहे म्हणून गोजाबाईने मेंढी टाकली, तिने केले ते समजून केले. विहिरीचे पाणी मेंढी पडण्याआधीपासून पिण्यासारखे नव्हते. हे मला ठाऊक होते, मुकादम सिद्धाप्पा यास ठाऊक होते व वस्तीतील प्रत्येक मोठ्या माणसास ठाऊक होते. डॉक्टर साहेबांसमोर मी ते प्यालो त्या दिवशीही ठाऊक होते. माझ्या मुलीस मी तेच पाणी पाजले.

येथे हवालदार साहेबांनी लेखणी थांबवून मला समजावले की, बाबा, हे असे लिहिले तर तिला शिक्षा होईल, तुझेही काम जाईल व रंगखान्यावर यावरून काही होईलच असे नाही, विचार कर. मी बाहेर जाऊन आलो. बाहेर सिद्धाप्पा उभा होता. त्याने विचारले, "सांगितलंस?" मी मान हलविली. तो समजला त्याप्रमाणे समजला. आत येऊन मी सांगितले की, लिहिले आहे तेच असू द्यावे.

वरील मजकूर हवालदार साहेबांनी मला सावकाश वाचून दाखविला. त्यात एके ठिकाणी "विहिरीचे पाणी खराब आहे असे वाटल्यावरून गोजाबाईने मेंढी टाकली" असे लिहिले गेले होते. त्यातील "असे वाटल्यावरून" हे शब्द मी खोडावयास लावले व त्या जागी "म्हणून" असे लिहविले. बाकी सर्व मी बोललो तसेच उतरले आहे. मजवर कोणी जबरदस्ती केलेली नाही. मला लिहिता येत नसल्याने अंगठा केला आहे.

निशाणी अंगठा डाव्या हाताचा, बिरदेव बिन आण्णा सरगर.

समक्ष घेतला, हवालदार, पेठ चौकी. खोडाखोड एक, जबाब देणाराच्या सांगण्यावरून.